तुझ्या कलमाची फौजदार

दत्ता, तुझ्या दशक्रियेला नदीकाठी मंडप घातला होता आणि माईकही लावला होता. तुला माईकचा केवढा राग, पण आपल्याकडे आता माईकशिवाय माणूस वर जातच नाही. एकामागून एक पुढारी उठले. एकानं तुला थेट कृषितज्ज्ञच करून टाकलं, कारण केंदूरचा माणूस म्हटल्यावर त्याला शेतीशिवाय दुसरं काही सुचेना. दुसरा म्हणाला, "सरांनी एका परक्या देशाला मूलभूत हक्क दिले. केंदूरचं नाव सातासमुद्रापार नेलं." टाळ्या वाजवायच्या की नाहीत हे लोकांना कळेना. मी बायकांत, मंगलवहिनींच्या शेजारी बसले होते आणि मला तुझं उत्तर स्पष्ट ऐकू आलं: "हक्क कुणी देत नसतं वो आप्पा. माणूस ते घिऊनच जन्माला येतो. कागदावर आपण फक्त राखणदार बसवतो." हे वाक्य तू मला इतक्यांदा ऐकवलंस की शेवटी मी चिडून विचारलं होतं, मग त्या राखणदाराच्या हातात किल्ली कशाला देतोस?

आपलं भांडण तिथंच अडलं होतं. तू अर्ध्यावर उठून गेलास, आणि मला त्याचा राग आहे. रडून झालं, वहिनींना धरून बसून झालं, पण राग काही गेला नाही. मधल्या काळात त्या भांडणाचा निकालही लागला. तो तुझ्या कानावर घातल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

पुण्याच्या लॉ कॉलेजात तू केंदूरहून आलेला आणि मी दौंडहून. दोघांच्याही इंग्रजीला वर्ग हसायचा, म्हणून आपण एका बाकावर आलो. तू पुढं घटनेचा प्राध्यापक झालास, परदेशात शिकवलंस. मी दौंडच्या कोर्टात जामिनाचे अर्ज करत राहिले. तुझी किडनी गेली आणि तू बाडबिस्तरा आवरून गावी परत आलास, तेव्हा मला वाटलं होतं, आता हा पडवीत बसून पेपर वाचेल. कसला पेपर! समुद्रातल्या एका लहानशा देशानं नवी राज्यघटना करायला घेतली होती. दोन बाजू वर्षानुवर्षं एकमेकांवर बंदुका रोखून बसलेल्या, आता थकून एका टेबलाशी आलेल्या. त्यांच्या घटना आयोगानं मूलभूत हक्कांच्या प्रकरणासाठी सल्लागार म्हणून तुला धरलं. देशाचं नाव मी इथं लिहीत नाही. तिथल्या लोकांचं त्या घटनेवर मतदान व्हायचं आहे, आणि आपल्या भांडणानं त्यांच्या कामात विघ्न नको.

तू केंदूरच्या माडीवर लॅपटॉप मांडून बसायचास. खालून वहिनी ओरडायच्या, "थ्री फेज आलीया, मोटार चालू करू का तुमचा देश संपू दिऊ?" मोटार चालू झाली की तुझ्या मीटिंगचा आवाज तुटायचा. तिकडचे सभासद ताटकळायचे आणि इकडं फ्लॉवरला पाणी जायचं. त्या आयोगाच्या सचिव बाईंनाही पुढं पुढं केंदूरच्या लोडशेडिंगचं वेळापत्रक पाठ झालं होतं.

आणि मग तुझा फोन यायचा. "नसीम, फौजदार पायजे. यवतला येतीस का?"

ही तुझी कामाची रीत. जगातले बाकीचे लोक हक्क लिहितात ते न्यायाधीशांकडं बघून. तू म्हणायचास, न्यायाधीश शहाणा असतो, त्याच्यासाठी कशाला लिहायचं? कलम लिहायचं ते मोडणाऱ्याकडं बघून. म्हणून तू प्रत्येक कलम आधी मराठीत करायचास, हायवेच्या ढाब्यावर मला वाचून दाखवायचास, आणि मी फौजदार होऊन ते मोडायचं. कधी फौजदार, कधी तहसीलदार, कधी कंपनीचा मॅनेजर. इतकी वर्षं कोर्टात ज्यांच्याशी भांडले त्यांचीच सोंगं मला वठवायला लावलीस. आणि खरं सांगते, मजा यायची.

सभास्वातंत्र्याचं कलम आठवतं? तुझ्यापुढं चहाचा अर्धाच कप, कारण पाणी मोजून प्यायचं होतं. माझ्यापुढं तुझ्या वाटणीचीही भजी. तू वाचलंस, "प्रत्येकाला शांततेने एकत्र जमण्याचा हक्क राहील."

मी म्हटलं, "जमा की. कोण नको म्हणतंय? फक्त मैदानाला कुलूप हाय. किल्ली हाय बाबूकडं, आन् बाबू गेलाय रजेवर."

तू मान खाली घालून दोन शब्द वाढवलेस. "आता?"

"आता देते परवानगी. पण गावाबाहेर, बंद पडलेल्या क्रशरपाशी. काय घोषणा द्यायच्यात त्या खडीला द्या."

गल्ल्यावरचा मालक ऐकत होता. तो म्हणाला, "म्याडम, तुम्ही पोलिसात न्हाई गेला ते लई बरं झालं." तू हसलास आणि कलमात लिहिलंस, 'ज्यांच्यापर्यंत म्हणणं पोचवायचं आहे त्यांना ते दिसेल आणि ऐकू येईल अशा ठिकाणी.' ते शब्द आता तिथल्या मसुद्यात आहेत. यवतच्या ढाब्यावर जन्मलेत हे तिथं कुणाला ठाऊक नाही.

खाजगी कंपन्यांवर हक्क बंधनकारक करायचे की नाही, यावर तू सगळ्या आयोगाशी एकटा झगडलास. मी मॅनेजर होऊन म्हटलं होतं, "आमची कंपनी खाजगी. हवेचा हक्क काय तो सरकारला विचारा, आमच्या चिमणीला न्हाई." तुझा चेहराच बदलला. माझा भाऊ यासीन कुरकुंभला केमिकल कंपनीत शिफ्टला जातो, हे तुला माहीत होतं. कधी कधी तो घरी आला की दारातच आंघोळीचं पाणी मागतो, तेही तू पाहिलं होतंस. ते कलम तू मागं घेतलं नाहीस. त्या दिवशी मला तुझा फार अभिमान वाटला होता. तोंडावर सांगितलं नाही, तुला चढलं असतं.

मग ते कलम आलं.

तू ते ढाब्यावर वाचलं नाहीस. फोनवर वाचलंस, तेही बाकीच्या गप्पांत मिसळून, घाईघाईत. खटला न चालवता, गुन्हा घडण्याआधीच, नुसत्या संशयावरून माणसाला स्थानबद्ध करण्याचं कलम. हक्कांच्या प्रकरणात! मी म्हटलं, हे कुणी घातलं? तू म्हणालास, "मीच. पण बांधून घातलंय." मी फोन ठेवला. पुढचे काही दिवस तुझा एकही फोन उचलला नाही.

तेव्हा तू स्वतः दौंडला आलास. डायलिसिसच्या मशीनवरून उठून आलेला, हाताला पट्टी तशीच. अम्मीनं तुझ्यासाठी बिनमिठाचं काय करायचं म्हणून सगळी भांडी खाली-वर केली. यासीन दुसऱ्या शिफ्टला निघायचा होता, तो तुझा आवाज ऐकून थांबला.

यासीनचं तुला सगळं माहीत होतं. बी.एस्सी. झाल्यावर तो लांबच्या एका जिल्ह्यात कंपनीत लागला होता. तिथं एका मिरवणुकीच्या आधी पोलिसांनी काही पोरं उचलली, त्यात हा. का, तर तो ज्या खोलीत भाड्यानं राहायचा त्या गल्लीत वर्षापूर्वी दगडफेक झाली होती. तेव्हा हा दौंडात परीक्षा देत होता. शांतता राहावी म्हणून आत ठेवलं, शांतता राहिली म्हणून सोडलं. बाहेर आला तोवर कंपनीनं गैरहजर म्हणून नाव काढलं होतं. मी वकील, सगळी कागदपत्रं घेऊन त्या ठाण्याच्या बाकावर बसून होते. मला कुणी हाकललंसुद्धा नाही. बसू दिलं.

तू आमच्या बैठकीत बसून त्याच्या समोर म्हणालास, "यासीन, तुला उचललं ते कायद्यात कलम व्हतं म्हणून का? कलम नसतं तरी उचललंच असतं. फक्त तवा कुठल्या दारात जायचं ते तुझ्या बहिणीला कळलं नसतं."

यासीन शांतपणे म्हणाला, "सर, दार तर तिला सापडलं व्हतं. ती दारातच बसली व्हती. उपेग काय झाला?"

तू गप्प झालास. मला वाटलं, संपलं, आता हा कलम काढेल. पण तू गप्प झालास की तुझ्या डोक्यात पुढचं पोटकलम तयार होतंय, हे मी विसरले होते. "म्हंजी नुसतं दार पुरत न्हाई," तू म्हणालास. "आत बसलेल्यानं उठून उत्तर द्यायला पायजे असं लिहाय लागंल. नसीम, फौजदार हो."

"होणार न्हाई."

"तू झाली न्हाईस तर तिथला खरा फौजदार व्हईल. आन् त्यो भजी खाऊन सोडून द्यायचा न्हाई."

"दत्ता, हे कलम मोडायचं नसतं. काढून टाकायचं असतं."

"काढलं तर लष्कराकडची मंडळी टेबलावरनं उठत्यात. सहा महिन्यांत पुन्हा बंदुका. मग तुझं मैदान आन् माझी हवा, दोन्ही गेलं."

"उठू देत."

"दौंडात बसून 'उठू देत' म्हणायला तुझं काय जातंय गं?"

हे तू फार वाईट बोललास. यासीन डबा घेऊन निघून गेला. अम्मी दारात उभी राहून आपल्या दोघांकडं बघत होती. मी तुला घराबाहेर काढणार होते, पण तुझे पाय सुजलेले दिसले. मग मी रागारागानं फौजदार झाले.

इतका वाईट फौजदार मी कधी झाले नव्हते. तू म्हणालास, ठरावीक मुदतीत सोडावंच लागेल. मी म्हटलं, सोडते, फाटकाबाहेर पाऊल टाकलं की पुन्हा पकडते, मुदत नव्यानं सुरू. तू लिहिलंस, पुन्हा पकडलं तर जुनी मुदतच चालू धरावी. मी म्हटलं, घरच्यांना कळवते, पण माणूस तोवर तिसऱ्याच ठाण्यात हलवते. तू लिहिलंस, हलवण्याआधी कळवावं. मी म्हटलं, कारण लेखी देते, पण त्याला वाचता न येणाऱ्या भाषेत. तू लिहिलंस, त्याच्या भाषेत, तोंडी आणि लेखी. मी म्हटलं, न्यायाधीशाकडं कागद पाठवते, माणूस नाही. तू लिहिलंस, न्यायाधीशानं माणूस समोर उभा करून डोळ्यांनी बघावा. मी म्हटलं, निर्दोष म्हणून सोडते, पण तोवर त्याची नोकरी गेलेली असते. तिथं तू थांबलास. पेनचं टोपण लावलंस, काढलंस. मग लिहिलंस की स्थानबद्धतेच्या काळातली गैरहजेरी ही गैरहजेरी नव्हे. आणि माझ्याकडं न बघता म्हणालास, "हे यासीनचं."

त्या क्षणी मला तुझा राग धरता येईना, आणि सोडताही येईना.

तुला रिक्षात बसवून परत आले तेव्हा अम्मीनं विचारलं, "जीत कौन गया?" मी म्हटलं, "कोणी नाही." पण मला कळून चुकलं होतं. मी जे जे भोक दाखवलं ते ते तू बुजवलंस. कलम पाडायला गेले आणि डागडुजी करून आले.

शेवटची भेट शिरूरच्या दवाखान्यात. तू मशीनला जोडलेला, खिडकीतून दुपारचं ऊन तुझ्या पायावर. आयोगाचं अखेरचं वाचन तोंडावर आलं होतं. मी एकच वाक्य लिहून नेलं होतं, तेच तुला वाचून दाखवलं: "खटल्याशिवाय कोणालाही डांबून ठेवता येणार नाही." पुढं पूर्णविराम. परंतुक नाही, अपवाद नाही, 'कायद्याच्या अधीन राहून' नाही.

तू म्हणालास, "वाक्य देखणं हाय. पण एकटं हाय गं. रस्त्यावर सोडलं तर मार खाईल."

"मग खाऊ दे. मार खाल्लेलं दिसंल तरी. तू जे लिहितोस त्यात मार देणाऱ्याच्या हातात पावती असंल."

आवाज इतके चढले की सिस्टर येऊन म्हणाल्या, "बीपी वाढतंय त्यांचं, म्याडम, बाहेर बसा." मी पर्स उचलली. दारापर्यंत गेले तेव्हा तू मागून म्हणालास, "बघू, नसीम. तुझं एक बरोबर हाय."

कुठलं एक? मी वळून विचारलं नाही. म्हटलं, पुढच्या वेळी यवतला विचारू, जरा तोरा दाखवू. त्याच आठवड्यात वहिनींचा फोन आला.

दशक्रिया झाली आणि दुसऱ्याच दिवशी तिकडच्या सचिव बाईंनी मला फोन केला. तुझ्या शेजारी बसून मी अनेक मीटिंगा ऐकल्या होत्या, त्यामुळं त्या मला ओळखत होत्या. आधी त्या खूप वेळ तुझ्याबद्दल बोलल्या. मग म्हणाल्या, स्थानबद्धतेच्या कलमावर सभासद अर्धे-अर्धे आहेत. सरांचं शेवटचं मत काय होतं, ते तुम्ही येऊन सांगाल का? सरांच्या शब्दावर काही मतं फिरतील.

दत्ता, तुला कल्पना आहे का तू मला कुठं आणून उभं केलंस? एवढंच म्हणायचं होतं, 'त्यांनी शेवटी विचार बदलला.' कोण नाही म्हणणार होतं? दवाखान्यात आपलं बोलणं समजणारं तिसरं कुणी नव्हतं. तू स्वतः म्हणाला होतास की माझं एक बरोबर आहे. मला हवं ते 'एक' मी निवडलं असतं तर एका देशाच्या घटनेतून ते कलम गेलं असतं. उद्या तिथला कुणी पोरगा संशयावरून आत गेला नसता. त्याच्या बहिणीला बाकावर बसावं लागलं नसतं.

मी वहिनींना विचारलं. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "नसीमताई, मला कायद्यातलं काय कळत न्हाई. पण जायच्या आदल्या दिवशी म्हणत व्हते, नसीमला पटंना, आन् तिला पटल्याबिगर मलाबी चैन पडंना."

म्हणजे दुसरा साक्षीदारही मिळाला. पण कशाचा? चैन पडत नाही म्हणजे मत बदललं असं होत नाही. उलटतपासणीत ही साक्ष मी स्वतःच दोन प्रश्नांत फाडली असती. तू कलम काढलेलं नव्हतंस. पाठवलेल्या मसुद्यात ते होतं, तुझ्या सगळ्या अटींच्या कुलपांसकट. आणि आपलं भांडण मुळात कशावरून होतं? जो समोर नाही, ज्याला बोलता येत नाही, त्याच्या वतीनं दुसऱ्यानं परस्पर काहीतरी ठरवून टाकायचं, यावरूनच ना? तुझ्या तोंडी खोटं घालून मी त्या कलमाला हरवलं असतं, तर यासीनला आत टाकणाऱ्यांत आणि माझ्यात काय फरक राहिला असता? हे सगळं मला कळत होतं, आणि तरीही मोह जात नव्हता. मीटिंगच्या दिवशी सकाळपर्यंत माझं ठरलेलं नव्हतं.

यासीननं सुट्टी टाकली आणि मला मोटारसायकलवर केंदूरला आणलं. वहिनींनी माडी झाडून ठेवली होती. मोटार बंद, फ्लॉवर तहानलेला, तुझी खुर्ची रिकामी. मी खुर्चीत बसले नाही, शेजारच्या स्टुलावरच बसले. यासीन जिन्यात बसला. त्याला इंग्रजी येतं, प्रत्येक शब्द त्याला कळणार होता, आणि हे मला ठाऊक होतं.

पडद्यावर ती सगळी तोंडं आली. सचिव बाईंनी विचारलं, "सरांचं मत?"

मी म्हटलं, "मी दोनदा बोलणार आहे. आधी त्यांच्या वतीनं, मग माझ्या."

तुझी बाजू मी आयुष्यात कधी मांडली नव्हती. तरी तोंड उघडलं आणि ती घडाघडा बाहेर आली. निनावी बंद खोलीपेक्षा नाव असलेली खोली बरी, कारण तिचं दार ठोठावता येतं. ज्या देशात लोक रातोरात नाहीसे होत होते, तिथं 'याला कुठं ठेवलंय' हा प्रश्न विचारण्याचा हक्क हीच पहिली पायरी आहे. एकेक कुलूप मी समजावून सांगितलं, फाटकाबाहेर पुन्हा पकडण्यापासून ते नोकरीपर्यंत. तुझे हातवारेसुद्धा केले बहुतेक, कारण वहिनी तोंडाला पदर लावून रडायला लागल्या.

मग मी माझ्या वतीनं बोलायला लागले. नाव न घेता यासीनचं सांगितलं. पण रागानं मुद्दे मागंपुढं झाले. बाकाचं सांगितलं, दगडफेकीच्या दिवशी तो दौंडात परीक्षेला बसला होता हेच सांगायचं राहिलं. माझं ते एक वाक्य वाचलं. पूर्णविरामापाशी आवाज फुटला.

लष्कराच्या बाजूचे ते पांढऱ्या मिशांचे गृहस्थ, ज्यांना तू 'आबा' म्हणायचास, त्यांनी आदरानं विचारलं, "या मसुद्यातल्या पळवाटा कुणी शोधल्या?"

"मी," मी म्हटलं.

"मग प्रश्नच मिटला. ज्यांना हे कलम मान्य नाही त्यांनीच ते तपासलंय. आता पळवाट उरली नसणार."

"एक उरलीय," मी म्हटलं. "तुम्ही."

 ते हसले, रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. हात वर झाले. थोड्याशा फरकानं तुझं कलम राहिलं.

तू जिंकलास, दत्ता. तुझ्यापेक्षा चांगली वकील तुला मिळाली नसती. खोटं बोलले नाही याचं समाधान आहे आणि ते मला पुरत नाही, हे तुला स्पष्ट सांगते. ज्या माणसानं मला कायदा मोडणाऱ्याच्या डोळ्यांनी वाचायला शिकवला त्याचे आभार मानायचे आहेत, आणि त्याच शिकवणीनं मला हरवलं म्हणून त्याच्याशी कायमचं भांडायचंही आहे. दोन्हीला तू हवा होतास.

परतताना न्हावऱ्याला चहाला थांबलो.  ग्लास हातात धरून यासीननं विचारलं, "बाजी, पहिल्यांदा बोललीस ते सरांचं व्हतं ना?"

"हो."

"आन् नंतरचं माझं."

"हो. तुझंच."

त्यानं चहाचा घोट घेतला. चेहऱ्यावर राग नव्हता, तक्रारही नव्हती. म्हणाला, "पहिलंच चांगलं बोललीस."

त्याला काय उत्तर द्यायचं ते मला सुचलं नाही. तू तिथं असतास तर तुलाही सुचलं नसतं. त्याच्यासमोर आपण दोघंही मान खाली घालून बसलो असतो, आणि त्या कलमावर पहिल्यांदाच आपलं एकमत झालं असतं.